अनोळखी पाहुणा

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती उभ्या उभ्या. दिवाळी अंकात मात्र संपादक पाट मांडतात आणि "जरा ऐसपैस बसा" म्हणतात. तेव्हा यंदा एक लांबलचक हकीकत सांगायची म्हणतो. ती २०१२ सालच्या जून महिन्यातली आहे. आमच्या घरी आलेल्या एका पाहुण्याला आमच्याच घरातल्या एका यंत्राने चार तास ओळख दिली नाही, एवढंच तिचं कथानक.

आमचा संगणक जुना. माझा पुतण्या श्रीरंग बंगलोरला नोकरीला असतो. २००९ साली सुट्टीवर आला तेव्हा त्याने हे यंत्र उघडलं, फुंकर मारून आतली धूळ उडवली आणि त्यात लिनक्स बसवून दिलं. "काका, आता याला व्हायरस-बियरस काही नको. आणि एक पैसा पडला नाही," असं म्हणून तो गेला. लिनक्स म्हणजे हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेली आणि मग जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवलेली कार्यप्रणाली. तिचं वळण युनिक्सचं. आणि युनिक्स जन्मली १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत. टेलिफोनवाल्यांच्या घरातली म्हटल्यावर मला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी स्वतः तारखात्यात अडतीस वर्षं काढली आहेत. ती आपुलकी आमच्या सौभाग्यवतींना मुळीच वाटली नाही. "सगळ्यांचं जे चालतं ते आपल्याकडे का नको?" हा त्यांचा सवाल होता. तीन वर्षं मी त्याला काहीबाही उत्तरं दिली आणि त्या जून महिन्यात माझी उत्तरं संपली.

झालं असं की आमच्या गल्लीत आठवडाभर खोदकाम चाललं होतं. कोणाचं, ते खोदणाऱ्यांनाही नीट सांगता येईना. एके सकाळी कुदळीचा घाव नेमका टेलिफोनच्या केबलवर बसला आणि साऱ्या गल्लीचे फोन मुके झाले. फोनबरोबर इंटरनेटही गेलं. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेने शटर ओढलं.

एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, चार दिवस शांतता. पण तळमजल्यावरची अश्विनी त्या वर्षी दहावी झाली होती. वडील छापखान्यात बाइंडर, आई घरी शिवणकाम करते. त्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कोणी नाही. पोरीने ८८ टक्के मिळवले, शास्त्र शाखेला जायचं ठरवलं. मुंबईच्या पट्ट्यातले अकरावीचे प्रवेश २००९ पासून संगणकावरून होऊ लागले होते; कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची आणि मुदतीत अर्ज रवाना करायचा. मुदत होती त्या शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत. आदल्या दिवशी ती स्टेशनपलीकडच्या कॅफेत पाच तास रांगेत उभी राहिली, आणि नंबर यायला दोन माणसं उरली असताना तिथली वीज गेली.

शुक्रवारी सकाळी तिची आई वर आली. "काका, तुमच्याकडे ते यंत्र आहे ना?" यंत्र होतं, पण तार नव्हती. तेवढ्यात आमच्या सौ.ला आठवण झाली. धाकट्या जावयांनी नवा मोडेम घेतला तेव्हा जुना आमच्याकडे ठेवला होता. आगपेटीहून जरा लांबट, पांढरा, पोटात मोबाइलचं कार्ड असलेला. त्यात भरलेले पैसेही शिल्लक होते. संगणकाला खुपसला की मोबाइलच्या लहरींवरून इंटरनेट मिळतं. टेलिफोनच्या तारेची गरज नाही. वा! मी तो खुपसला. हिरवा दिवा लुकलुकू लागला. पडद्यावर एक सीडीचं चित्र उमटलं. बाकी काही नाही. काढून पुन्हा घातला, दुसऱ्या भोकात घातला, पुसून घातला. दरवेळी हिरवा दिवा आणि ते सीडीचं चित्र. इंटरनेटचं नाव नाही.

छत्री घेऊन नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने मोडेम आपल्या संगणकाला लावला; तो तिथे लगेच बोलू लागला. "कोणतं विंडोज आहे आजोबा?" मी म्हटलं, "लिनक्स." त्याने मोडेम माझ्या हातात परत ठेवला. "त्याला नाही चालत हे." इतक्या मऊ आवाजात मी फक्त डॉक्टरांना बोलताना ऐकलं आहे.

घरी आलो तेव्हा एक वाजला होता. अश्विनी वही-पेन घेऊन खुर्चीवर बसली होती, आणि तिच्या आईने आमच्याच घरात देवापुढे उदबत्ती लावली होती. मी मोबाइलवरून श्रीरंगला गाठलं.

"काका, घाबरू नका. काळी खिडकी उघडा."

काळी खिडकी म्हणजे जिथे चित्रं नसतात, फक्त अक्षरं असतात. तिथे एलएसयूएसबी असं टंकायचं, की यूएसबीच्या भोकांना काय काय लावलं आहे त्याची यादी येते. यूएसबी हा जोड १९९६ साली आला आणि त्यामागच्या मंडळींत इंटेल कंपनीचे अजय भट्ट हे प्रमुख. शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. सयाजीरावांचं नाव निघालं की आपली मराठी मंडळी उगीचच जरा ताठ बसतात, मीही बसतो. आता तो जोड पहिल्या खेपेला कधीच सरळ बसत नाही, हे खरं. दोन्ही बाजूंनी चालेल असा केला असता तर तारा आणि जोडण्या दुप्पट होऊन खर्च वाढला असता, असा खुलासा भट्टांनी केला आहे. काटकसर म्हटल्यावर आपण काय बोलणार!

या जोडाची रीत मात्र सभ्य आहे. कुठलीही वस्तू लावली की ती आधी आपली ओळख सांगते. त्यात दोन क्रमांक असतात : एक बनवणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. म्हणजे आपल्याकडे आडनाव आणि नाव म्हणा. प्रत्येकाला ६५,५३६ क्रमांकांची जागा आहे. लिनक्सच्या पोटात एक भलीमोठी वही असते. अमुक आडनाव, अमुक नाव आलं तर अमुक चालकाला हाक मारायची, असं तिच्यात लिहिलेलं असतं. चालक म्हणजे त्या वस्तूची भाषा जाणणारा आतला दुभाषा. नाव वहीत नसलं तर वस्तू दारात उभी राहते. ती मोडलेली नसते आणि संगणकही बिघडलेला नसतो. ओळख करून देणारं कोणी नसतं, इतकंच.

आमच्या यादीत पाहुण्याच्या नावापुढे २००० असा क्रमांक आला. श्रीरंग म्हणाला, "आता डीमेसेज."

ही संगणकाची रोजनिशी. आत जे जे घडलं त्याची ओळ न ओळ तो लिहून ठेवतो. मला ती प्रथमदर्शनी तारघरातल्या नोंदवहीसारखी वाटली. आणि चाळिशी लावूनही अर्धी वाचता येईना. अश्विनी वाकून शेवटून वाचत गेली. अचानक म्हणाली,

"आजोबा, हा मोडेम नाहीच आहे. इथे सीडी-रॉम लिहिलंय."

मी म्हटलं, अगं, सीडीचं भोक वेगळं, ते खाली आहे. तिने पडद्यावर बोट ठेवलं. खरोखरच लिहिलं होतं. हा दीड बोटाचा मोडेम आपण सीडी-रॉम आहोत असं सांगून घरात शिरला होता!

पलीकडून श्रीरंग इतक्या जोराने हसला की ते अश्विनीलाही ऐकू गेलं. मग त्याने उलगडा केला. पूर्वी अशा वस्तूबरोबर चालकाची सीडी देत. ती हरवे, शिवाय छोट्या संगणकांना सीडीचं भोकच नसे. म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. चालक मोडेमच्याच पोटात भरायचा, आणि मोडेमने लावल्याबरोबर आधी सीडीचं सोंग घ्यायचं. विंडोज ती 'सीडी' उघडतं, तिच्यातला चालक बसवून घेतं, आणि मग तो चालक मोडेमला सांगतो, "बाबा रे, सोंग उतरव." त्याबरोबर तो सीडी म्हणून नाहीसा होतो आणि मोडेम म्हणून, वेगळ्या क्रमांकाने, पुन्हा प्रकट होतो. लिनक्ससाठी असा चालक त्या पोटात नव्हता. त्यामुळे सोंग उतरवायला कोणी सांगितलंच नाही, आणि बिचारा तासन् तास सीडी बनून बसला. आमचा संगणकही सरळमार्गी. पाहुणा म्हणतोय सीडी, तर सीडी. त्याने मुकाट्याने सीडीचं चित्र दाखवलं. दुकानातल्या मुलाचं निदान चुकलं ते इथे. चालत नव्हता असं नाही, अजून मोडेम झालाच नव्हता.

या बहुरूप्यांना वठणीवर आणण्यासाठी जर्मनीच्या योझुआ डीट्से यांनी यूएसबी-मोडस्विच नावाची छोटी आज्ञावली लिहून फुकट वाटली आहे. कोणत्या मोडेमला कोणत्या शब्दांत सांगितलं की तो सोंग उतरवतो, याची यादीच तिच्यात आहे. नंतरच्या लिनक्समध्ये ती बहुधा आधीच बसवलेली असते, आणि हे सारं नाटक आपल्या डोळ्यांआड दोन सेकंदांत उरकतं. आमच्याकडची आवृत्ती २००८ची. तीत ती नव्हती.

"मग उतरवून घे ना," मी म्हटलं.

"काका, उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं."

विहिरीत पडलेला पोहरा काढायला दोर हवा आणि दोर पोहऱ्यालाच बांधलेला, अशातली गत! सव्वादोन वाजले होते. सौ. आतून म्हणाली, "पोर सकाळपासून उपाशी आहे, निदान पोहे तरी खाऊ द्या तिला." अश्विनीने एका हाताने पोहे खाल्ले, दुसरा कळफलकावरच होता.

श्रीरंग थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक साधा उपाय बघू. सीडी आहे म्हणतोय ना? मग सीडीसारखीच बाहेर काढू त्याला. लिहा : इजेक्ट." सीडी बाहेर ढकलण्याची ही साधीसुधी आज्ञा. तिच्यापुढे सीडीच्या जागेचं नाव द्यायचं. त्याने सांगितलं, एसआर शून्य. अश्विनीने टंकलं.

खर्र आवाज करीत खालचा खरा सीडीचा कप्पा बाहेर आला. त्यात आमच्या वास्तुशांतीच्या फोटोंची सीडी होती, जी आम्ही तीन वर्षं घरभर शोधत होतो आणि जिच्यावरून दोन बहिणींत अबोला झाला होता. सौ. ती घेऊन आत गेली. तिच्यापुरतं लिनक्सने त्या दिवशीचं काम केलं होतं.

"म्हणजे शून्य ही खरी सीडी. आता एसआर एक," अश्विनी म्हणाली. श्रीरंगने सांगायच्या आधीच.

हिरवा दिवा विझला. दोन क्षण काही नाही. पुन्हा लागला. तिने परत यादी मागवली. आडनाव तेच, पण २०००च्या जागी ००३१! अश्विनीने टाळी वाजवली. श्रीरंग म्हणाला, "आला. आता तो मोडेम आहे."

पण हे नवं नावही आमच्या जुन्या वहीत नव्हतं. पाहुण्याने मुखवटा काढला तरी यजमान त्याला ओळखेना. नंतरच्या आवृत्त्यांत या घराण्यातल्या मोडेमांना सांभाळणारा 'ऑप्शन' नावाचा चालक ही नावं ओळखू लागला. ऑप्शन हे मुळात एका बेल्जियन कंपनीचं नाव. तिच्या कार्डांसाठी तो प्रथम लिहिला गेला आणि नाव तसंच राहिलं. आमच्यासाठी आडवाट होती. यूएसबी-सिरियल म्हणून एक सर्वसाधारण चालक असतो, त्याला हे दोन क्रमांक हातात देऊन सांगायचं, "या आडनावाचा, या नावाचा कोणी आला तर तो आपला समज." आज्ञा मॉडप्रोब. ती लिहायला मुख्य परवानगी लागते आणि परवानगीला सांकेतिक शब्द. तो मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. टंकू लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना! मला वाटलं, कळफलकही गेला. श्रीरंग म्हणाला, "उमटत नाही काका, मुद्दाम तसं केलंय. आंधळेपणाने लिहा आणि एन्टर मारा."

पुढची दहा मिनिटं मात्र माझ्या नोकरीला बट्टा लावणारी गेली. शून्य, मग एक्स, मग आकडे, अशी ती लिहिण्याची पद्धत; मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टंकला. मग बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना जागा सोडली, कारण आम्हाला शाळेत तसंच शिकवलं होतं. संगणक दोन्ही वेळा फणकारला. तार देताना एक अक्षर चुकलं तर 'आई सुखरूप'चं काय होऊ शकतं, हे आम्ही नव्या पोरांना बजावत असू. तिसऱ्या वेळी अश्विनीने कळफलक स्वतःकडे ओढून घेतला. "आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते."

रोजनिशीत तीन नव्या ओळी आल्या. सर्वसाधारण चालक अमुक ठिकाणी जोडला. ठिकाणांची नावं : टीटीवाय यूएसबी ०, टीटीवाय यूएसबी १, टीटीवाय यूएसबी २.

"टीटीवाय म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"टेलिटाइपरायटर, काका. तुमचा टेलिप्रिंटर. युनिक्स जन्मली तेव्हा माणसं तिच्याशी टेलिप्रिंटरवरूनच बोलत. तेव्हापासून बोलायच्या दाराला हेच नाव आहे. बरं, माझी मीटिंग आहे तीनला. एटी लिहून बघा एकेका दारावर, ओके आलं तर ते दार खरं. मग पीपीपीकॉन्फिग चालवा, ते प्रश्न विचारेल. चारला फोन करतो." आणि तो गेला.

मी स्तब्ध बसलो. फोर्टातल्या तारघरात माझ्या डाव्या हाताला जे यंत्र वर्षानुवर्षं खडखडत असे, त्याचं नाव माझ्या बैठकीत, एका पांढऱ्या कांडीच्या आड, जिवंत होतं. एटी हे अटेन्शनचं लघुरूप. हेज नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८१ साली आपल्या मोडेमसाठी ही बोली काढली, आणि पुढे जगातले यच्चयावत मोडेम तीच बोलू लागले. पण मला ती शिकवावी लागली नाही. पलीकडचं स्टेशन जागं आहे का हे आधी विचारायचं, त्याचा होकार घ्यायचा आणि मगच मजकूर सोडायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं.

युनिक्समध्ये दार काय आणि कागद काय, वागणूक एकच. श्रीरंगने दोन आज्ञा लिहून दिल्या होत्या. एक आज्ञा दाराला कान लावून बसते, दुसरी दारातून शब्द आत टाकते. दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. पहिल्या दारावर एटी टाकलं. शुकशुकाट. दुसऱ्यावर काही अगम्य आलं, ते आम्ही सोडून दिलं. तिसऱ्यावर एटी टाकलं आणि कानाच्या खिडकीत दोन अक्षरं उमटली : ओके.

अश्विनी म्हणाली, "बोलला!"

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

मग मी जरा माझी हुशारी केली. श्रीरंगच्या चिठ्ठीवर एक आज्ञा होती, एटी, अधिक, सीएसक्यू. ती लहरींचा जोर सांगते. ० ते ३१ असा आकडा येतो, ३१ उत्तम. टेबलावर आमचा आकडा ६. हा काय व्यवहार झाला? माळ्यावरून यूएसबीची लांबवायची तार शोधून आणली, मोडेम तिच्या टोकाला लावला आणि खिडकीच्या गजाला कपड्यांच्या चिमट्याने टांगला. आकडा १७. बाहेर पाऊस होता, म्हणून त्याच्यावर दुधाची धुतलेली पिशवी बांधली. मात्र तार बदलली म्हणून त्याने पुन्हा सीडीचं सोंग घेतलं! पुन्हा इजेक्ट, पुन्हा ००३१. या वेळी अश्विनीने ते सारं एका मिनिटात, वहीत न बघता केलं.

साडेतीन. पीपीपीकॉन्फिगने प्रश्न विचारायला सुरुवात केली. फोन नंबर कोणता? चिठ्ठीत होतं *९९#. वापरणाऱ्याचं नाव आणि सांकेतिक शब्द? चिठ्ठीत लिहिलं होतं, काहीही लिहा पण रिकामं सोडू नका. मी दोन्हीकडे अश्विनीचं नाव घातलं. वेग? ११५२००. माझा टेलिप्रिंटर ५० बॉडने चालत असे. आम्हाला तो वेगवान वाटे. मी ती संख्या दोनदा मोजून लिहिली.

मग जोडणीची आज्ञा : पॉन. आणि रोजनिशीत उत्तर : नो कॅरियर.

पुन्हा पॉन. नो कॅरियर. चार वाजायला दहा मिनिटं. अश्विनीच्या आईने दारातून विचारलं, "झालं का हो काका?" मी मान हलवली. तिला ती हो वाटली की नाही वाटली कोण जाणे. ती परत जिन्यात जाऊन बसली. अश्विनी काही बोलत नव्हती. वहीत कॉलेजांची नावं तिने पसंतीच्या क्रमाने लिहून काढली होती, त्यांच्यावर पुन्हा पुन्हा पेन फिरवून अक्षरं जाड करीत होती.

चारला पाच मिनिटं असताना श्रीरंगचा फोन. "नो कॅरियर म्हणतोय? एपीएन दिलं का?" ते काय? तर मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे निघायच्या फाटकाचं नाव. प्रत्येक कंपनीचं वेगळं. ते मोडेमला आधी सांगावं लागतं. नाहीतर तो फाटक शोधत बसतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. नाव कुठे मिळेल? ज्या कागदी पाकिटातून कार्ड आलं त्याच्यावर. जावयांना फोन केला, ते म्हणाले, "पाकीट? ते कोण ठेवतं!"

"मी ठेवते," आतून आवाज आला. सौ.च्या खाली लग्नपत्रिका, जुन्या पावत्या, रबरबँडं, शाईची संपलेली पेनं असा एक खण आहे. त्या खणावरून मी तिला जन्मभर टोमणे मारले आहेत. तिने दोन मिनिटांत पाकीट आणून टेबलावर ठेवलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पाकिटावरचं नाव श्रीरंगने सांगितलेल्या आज्ञेत अवतरणचिन्हांत बसवून मोडेमला दिलं. ओके. मग पॉन. रोजनिशीत एक ओळ, दुसरी ओळ, जरा थांबली, आणि मग : कनेक्ट. त्याखाली आकड्यांचे दोन पत्ते. गजाला टांगलेल्या दुधाच्या पिशवीतून निळा दिवा दिसू लागला.

चार वाजून अकरा मिनिटं. अर्जाचं पान उघडायला दोन मिनिटं लागली. अर्धं उघडून थांबलं, मग पुरतं उघडलं. पोर भराभर लिहीत गेली. कॉलेजांची यादी भरताना एकदा जोड तुटला. कोणी काही बोललं नाही. तिनेच पॉन लिहिलं आणि पुन्हा आत शिरली. चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी अर्ज स्वीकारल्याचा क्रमांक आला. छापायला प्रिंटर नव्हता. तिने तो वहीत लिहिला, मी एका पोस्टकार्डावर लिहिला, आणि तिच्या आईने, खात्री असावी म्हणून, शिवणाच्या मापाच्या वहीत लिहून घेतला.

पहिल्या यादीत तिला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. केबल जुळून यायला आणखी नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत गल्लीतल्या सात मुलांची कामं त्या खिडकीच्या गजावरून झाली. इजेक्ट आणि मॉडप्रोब करायला अश्विनी वर येई. दुसऱ्या दिवशी तिने त्या साऱ्या आज्ञा एका फायलीत ओळीने लिहून ठेवल्या. ते एकच नाव टंकलं की सोंग उतरवण्यापासून पॉनपर्यंत सारं आपोआप होई. फायलीला तिने नाव दिलं होतं 'पाहुणा'. नाक्यावरच्या दुकानातला मुलगा एकदा मुद्दाम येऊन बघून गेला, आणि ती फाइल उतरवून घेऊन गेला.

त्या मोडेमचा आता उपयोग राहिलेला नाही. देशात अनेक ठिकाणी कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं आहे, आणि ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. तार तर २०१३च्या जुलैमध्येच बंद झाली. शेवटच्या दिवशी मी स्वतःलाच एक पाठवली होती. मोडेम सौ.च्या त्या खणात आहे, पाकिटासकट.

पण त्या शुक्रवारची एक गोष्ट सांगायची राहिली. रात्री सगळं आवरून झाल्यावर मी जोड तोडला आणि संगणक बंद करायला बसलो. मनात आलं म्हणून पुन्हा त्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एका खिडकीत लिहिलं, एटी. दुसरीत उत्तर आलं, ओके. पुन्हा लिहिलं. पुन्हा आलं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

स्वयंपाकघरातून सौ.ने विचारलं, "कोणाशी बोलताय एवढ्या रात्री?"

"पाहुण्याशी."

"मग विचारा त्याला, आमटी उरली आहे, जेवणार का म्हणावं."